छप्पर कापलेली व्हॉल्वो

स्वीडनच्या ग्रामीण भागात गाडी चालवताना कधीतरी एक विचित्र वाहन पुढे लागतं. पुढून बघावं तर व्हॉल्वो मोटार, मागून बघावं तर पिकअप. पुढच्या सीटच्या मागे छप्पर सरळ कापून टाकलेलं, मागची काच उचलून सीटच्या पाठीशी बसवलेली, आणि जिथे मागची सीट आणि डिकी होती तिथे फळ्यांचा हौदा. फाळक्यावर सावकाश जाणाऱ्या वाहनाचा लाल त्रिकोण. वेग ताशी ३० किलोमीटर. स्टिअरिंगवर पंधरा वर्षांचं पोर. हिला इथे ‘एपा’ म्हणतात. गोथेनबर्गला मोटारीच्या धंद्यात असलेली आमची मराठी मंडळी हिच्यामागे अडकली की वैतागतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, बाप टर्नर. मला हिच्याबद्दल पहिल्यापासून आदर वाटत आला आहे, आणि तिची हकिगत समजल्यावर तो वाढलाच.

ही हकिगत शेतातून सुरू होते. १९३० च्या दशकात इथला लहान शेतकरी अजून घोड्यांवर नांगरत होता. ट्रॅक्टर निघाले होते, पण ते घ्यायची ऐपत मोठ्या जमीनदाराची. दुसऱ्या बाजूला, आधीच्या काळात आलेल्या अमेरिकन मोटारी, फोर्ड टी, फोर्ड ए, शेवरोले, आता म्हाताऱ्या होऊन मातीमोल भावात मिळू लागल्या होत्या. शेतकऱ्याने अशी एक गाडी घ्यायची आणि गावातल्या लोहाराला हाताशी धरून मागची बॉडी उतरवायची. चासी कापून आखूड करायची. जमलं तर मोडीतल्या ट्रकचा मागचा ॲक्सल जड चाकांसकट खाली घालायचा आणि वर हौदा. एपा ही स्वस्त मालाच्या दुकानांची साखळी, तिचं पहिलं दुकान १९३० साली ओरेब्रू शहरात उघडलं. स्वस्तातला ट्रॅक्टर म्हणून लोकांनी या गाडीला तेच नाव चिकटवलं. नाव हिणवण्यासाठी होतं, शेतकऱ्यांनी ते बिनतक्रार ठेवून घेतलं.

पण छप्पर कापलं म्हणजे मोटारीचा ट्रॅक्टर होत नाही. खरी करामत खाली आहे. आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहतात. त्यांच्या वडिलांनी फोर्ड ए वर बांधलेला एपा अजून त्यांच्या कोठारात उभा आहे. त्यांच्या परवानगीने मी त्याखाली आडवा पडून तो निवांत बघितला. इंजिनच्या मागे गिअरबॉक्स, हे सगळ्याच गाड्यांना असतं. इथे त्या गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक गिअरबॉक्स जोडलेला आहे, दुसऱ्या गाडीतून काढून आणलेला. दोघांच्या मध्ये घरी कातलेलं कपलिंग. त्यावर लेथच्या हत्याराच्या रेघा आजही स्पष्ट दिसतात, आणि एका जागी हत्यार जरा खोल गेलेलं आहे. मागच्या बॉक्सला आधार म्हणून रेल्वेरुळाचा तुकडा चासीला आडवा रिव्हेट केलेला. केबिनमध्ये त्यामुळे दोन गिअर-दांडे आहेत, एक हाताशी आणि एक जरा मागे.

याचा हिशोब सोपा आहे. मागचा बॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाकून तिथेच ठेवायचा. तो फेरे साधारण तिपटीने कमी करतो, म्हणून चाकावरची ओढ तिपटीने वाढते. पुढचा बॉक्सही पहिल्यात टाकला की तीन त्रिक नऊ. चाळीस घोड्यांचं साधं मोटारीचं इंजिन नांगर ओढायला लागतं ते या नऊच्या जोरावर. उलट बाजूने बघा: पुढचा बॉक्स सर्वात वरच्या गिअरमध्ये असला तरी मागचा तिप्पट कमी करतोच, म्हणजे जी गाडी पूर्वी ताशी ९० ला पळायची ती आता ३० लाच पळणार. ना पैसा, ना कारखाना, ना नवा सुटा भाग. माझ्या बापाला हे दाखवायला मिळालं असतं तर त्याने त्या कपलिंगवरून अंगठा फिरवून नुसती मान डोलावली असती. त्याच्याकडून यापेक्षा मोठी दाद कुणाला मिळत नसे.

मग युद्ध आलं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे घेतले, स्वीडन तटस्थ राहिला, पण पश्चिमेकडून समुद्रमार्गे येणारं तेल जवळजवळ थांबलं. लाकूड आणि कोळसा भट्टीत अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर लोक गाड्या चालवू लागले. अशी वाहनं देशात ७०,००० च्या वर गेली. नवे ट्रॅक्टर मिळेनात, आणि अन्न तर देशातच पिकवायला हवं. या टंचाईत घरी बांधलेला एपा जागोजागी राबत होता. १९४० सालीच सरकारने त्याच्यासाठी नियम काढले. कुठल्या कंपनीने न बनवलेल्या, दोन-तीन मेलेल्या गाड्यांच्या अवयवांतून उभ्या राहिलेल्या या यंत्राला कायद्याने वाहनांच्या यादीत जागा दिली. या संपूर्ण इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या घडणीत मूलभूत बदल करू देत नाही. त्यामागची सुरक्षेची काळजी मला मान्य आहे. तरीही, बंदी घालण्याआधी बनवणाऱ्याला ‘ही अशी बनव, म्हणजे चालेल’ असं सांगणारा एक रस्ता असतो. तो इथल्या सरकारला सापडला.

युद्धानंतर खरे ट्रॅक्टर आवाक्यात आले. शेतात एपाचं काम संपलं, तो कोठारात जाऊन उभा राहिला, आणि तिथून त्याला बाहेर काढलं घरातल्या पोरांनी. मोटारीचं लायसन अठराव्या वर्षी, ट्रॅक्टरचं सोळाव्या. शेजारच्या गावातलं नाचघर वीस किलोमीटरवर, बस दिवसातून दोनदा. मग काय, हौद्यात दुधाच्या कॅनऐवजी मित्र बसू लागले. १९६३ साली नियम नव्याने बांधले गेले आणि ताशी ३० ची मर्यादा पक्की झाली. या काळात सगळ्यांचा जीव होता व्हॉल्वो ड्यूएटवर. १९५३ ते १९६९ निघालेली ही गाडी. तिच्या काळातल्या बहुतेक दुसऱ्या व्हॉल्वोंची बॉडी एकसंध होती, छप्पर कापलं की ताकदच जायची. ड्यूएटला मात्र खाली स्वतंत्र शिडीसारखी चासी आणि मागे पाटे. वरचं काहीही कापा, खालची गाडी वाकत नाही.

ही मर्यादा टिकावी म्हणून मागचा गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये कुलूप घालून अडकवलेला असे. पोरांनी अर्थातच ते कुलूप काढायला शिकून घेतलं. तो बॉक्स थेट गिअरमध्ये गेला की ट्रॅक्टरची पुन्हा मोटार. यामुळे सरकारला हा प्रकारच बंद करायचा होता. ग्रामीण भागातून विरोध झाला, आणि १९७५ मध्ये तडजोड निघाली: नवे एपा बनवायचे नाहीत, जुने चालू राहतील, आणि यापुढे ए-ट्रॅक्टर नावाचा, जरा कडक नियमांचा प्रकार. बोलताना लोक आजही दोन्हींना एपाच म्हणतात. पुढे मोपेडच्या लायसनवर पंधराव्या वर्षीच तो चालवता येऊ लागला. मागच्या चाकांना ओढ देणारी व्हॉल्वो २४० मग गावोगावच्या गॅरेजमध्ये कापली जाऊ लागली.

२०२० च्या नियमांनी वेगाची मर्यादा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घालायला मोकळीक दिली. नव्या, ऑटोमॅटिक गाड्याही सहज बदलता येऊ लागल्या आणि संख्या झपाट्याने वाढली. त्याबरोबर अपघातही वाढले. हौद्यात, एकमेकांच्या मांडीवर बसून मुलं जात होती. २०२३ मध्ये पट्टा सक्तीचा झाला, सीट तेवढीच माणसं. त्यावर पोरांनी खूप आरडाओरडा केला. मी मात्र या नियमाच्या पूर्ण बाजूने आहे. मुलं जिवंत राहिली तरच हा वारसा कुणाच्या तरी हाती जाणार.

माझं दुखणं वेगळं आहे. इलेक्ट्रॉनिक मर्यादेने गाडी हळू होते, पण ओढ वाढत नाही, आणि पोराला तीन त्रिक नऊ का ते कळत नाही. माझा मुलगा येत्या वसंतात पंधरा पूर्ण करतो. त्याला तयार ए-ट्रॅक्टर हवा आहे, तापवलेल्या सीटांसकट. मी त्याला सांगितलंय की जुनी २४० आणू, ग्राइंडर तू धर, वेल्डिंग मी शिकवतो, आणि तपासणीच्या नियमांचं पुस्तक आधी दोघं मिळून वाचू. शेजारच्या आजोबांनी त्यांचं कोठार वापरायला दिलंय. बायको पट्टे आणि ब्रेक कोण बसवणार ते विचारते आहे, आणि ती दोन कामं आम्ही गावातल्या गॅरेजला द्यायची ठरवली आहेत.