घरगुती बिनतारी संवेदकांची कुळकथा

घरातील तापमान, हवेतील आर्द्रता आणि माणसांची हालचाल यांची नोंद घेऊन ती बिनतारी मार्गाने कळविणारी आगपेटीएवढी उपकरणे आज एकाच वेष्टनात विकत मिळतात. त्यामुळे ती एकाच शोधाची अपत्ये असावीत, असा समज सहज होतो. वस्तुतः या तीन मापनांची घराणी भिन्न आहेत आणि त्यांच्या इतिहासातील निर्णायक टप्पे घराबाहेर पडलेले आहेत : एकाचा शाळेत, दुसऱ्याचा आकाशात, तर तिसऱ्याचा चोरांच्या धास्तीत. ही कुळकथा ध्यानात घेतल्यावाचून या उपकरणांनी घराच्या खाजगीपणापुढे उभा केलेला प्रश्न नीट उलगडत नाही.

उष्णतेचे आपोआप नियमन करण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी तशी योजना केली होती, आणि १८३० साली अँड्र्यू यूर याने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या उष्णतानियामकाचे एकस्व घेतले. तथापि आजच्या संवेदकाचा खरा पूर्वज म्हणावयाचा तो वॉरेन जॉन्सन याचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात जॉन्सन प्राध्यापक होता. हिवाळ्यात तेथील शिपाई वर्गावर्गांतून फिरून तापमापक पाही, आणि मग तळघरात उतरून त्याप्रमाणे उष्णता कमीअधिक करी. शिकविणे मध्येच थांबे. हा व्यत्यय टळावा म्हणून जॉन्सनने खोलीतील तापमानाची वर्दी विजेच्या साह्याने तळघरात घंटा वाजवून देणारे यंत्र सिद्ध केले व १८८३ साली त्याचे एकस्व मिळविले. कोणी आत शिरावे लागू नये, हा या यंत्राचा मूळ हेतू होता. पुढील इतिहासाच्या संदर्भात ही गोष्ट विसरून चालणार नाही. १८८५ साली जॉन्सनने मिलवॉकी येथे कंपनी काढली, आणि त्याच सुमारास मिनिआपोलिसच्या ॲल्बर्ट बुट्झने घरगुती भट्टीची झडप आपोआप उघडमीट करणारी योजना तयार केली.

आर्द्रतेची कथा अधिक वळणाची आहे. ओलाव्याने माणसाचा केस किंचित लांबतो, या तत्त्वावर सोस्यूर याने रचलेल्या आर्द्रतामापकाचे विवेचन १७८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे दीड शतक केसाचीच सत्ता चालली. १९३० च्या जानेवारीत पाव्हेल मोल्चानोव्ह याने रशियातील पाव्हलोव्हस्क येथून फुग्याला टांगून जे उपकरण आकाशात सोडले, त्याने वरच्या हवेची मापे रेडिओलहरींवरून भूमीवर धाडली. पुढच्या वर्षी फिनलंडमध्ये व्हिल्हो व्हाइसाला यानेही तसेच उपकरण उडविले. बिनतारी संवेदकाचे जन्मस्थान शोधावयाचे असेल तर ते येथे. फुग्याबरोबर जाणारे उपकरण हलके हवे, स्वस्त हवे (कारण ते बहुधा परत मिळत नाही) आणि अल्प विजेवर चालणारे हवे. या अटींनीच आर्द्रतामापन बदलले. १९३८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील फ्रान्सिस डनमोर याने लिथियम क्लोराइडच्या विद्युत्-रोधावर चालणारा मापक पुढे आणला. १९७३ साली व्हाइसालाच्या कंपनीने पाणी शोषणाऱ्या बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्याची विद्युत्-धारिता मोजणारा संवेदक बाजारात आणला. आज न्हाणीघराच्या भिंतीवर असणारे आर्द्रतामापक पुष्कळ अंशी याच तत्त्वावर चालतात.

हालचालीचा संवेदक मात्र पहारेकऱ्याच्या घराण्यातला. प्रथम श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणाऱ्या योजना आल्या. १९७० नंतरच्या दशकात मानवी देहाच्या अवरक्त प्रारणाने उद्दीपित होणारे स्फटिक प्रचारात आले. हा स्फटिक उष्णतेतील बदल तेवढा ओळखतो. म्हणूनच कोणी स्तब्ध वाचीत बसला की खोली रिकामी समजून दिवे मालवले जातात! पहिल्या दोन संवेदकांचा विषय हवा होता. तिसऱ्याचा विषय माणूस आहे.

या तिन्ही घराण्यांचा संकर बिनतारी जाळ्याने घडविला. १९७५ च्या एक्स-टेन पद्धतीत संदेश घरातील वीजतारांतूनच जात. अल्पशक्ती बिनतारी संदेशवहनाचे ८०२.१५.४ हे मानक २००३ साली ठरले व त्यावर झिगबी उभी राहिली. बटणाएवढ्या विद्युत्-घटावर वर्षानुवर्षे चालावयाचे, तर संवेदकाने बहुतेक काळ निद्रिस्त राहून काही घडताच जागे व्हावे लागते. परिणामी जे साठते ते घडलेल्या गोष्टींचे वेळेसह टिपण होय. रोजनिशी आणि असे टिपण यांत फारसे अंतर नाही. कोलोरॅडोतील मायकेल मोझर याने १९९० नंतरच्या दशकात जुन्या शाळेच्या इमारतीत केलेल्या आपल्या घरात संवेदक बसवून रहिवाशाचा दिनक्रम यंत्राला शिकविला, तेव्हा हेच सिद्ध झाले.

कायद्याने या प्रश्नाला प्रथम उष्णतेच्या निमित्ताने स्पर्श केला. १९९२ साली ओरेगनमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी उष्णताचित्रकाने एका घराच्या भिंती बाहेरून तपासल्या. २००१ साली कायलो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, ही झडतीच होय असे ठरविले. न्यायमूर्ती स्कालिया यांनी या संदर्भात गृहिणीच्या रोजच्या स्नानाच्या वेळेचे उदाहरण दिले होते. न्हाणीघरातील आर्द्रतेचा आलेख नेमकी हीच वेळ सांगतो. फरक इतकाच की येथे उपकरण गृहस्थाने स्वतः बसविलेले असते.

परंतु घरात वावरणारे सर्वजण गृहस्थ नसतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तथापि २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेतून व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती वगळलेली आहे. घरकामास येणाऱ्या बाई किती वाजता आल्या, स्वयंपाकघरात किती वेळ होत्या आणि मध्येच कितीदा विसावल्या, याचे टिपण मालकाने स्वतःपुरते ठेवले, तर त्या कायद्यातील संमतीची तरतूद त्यांच्या उपयोगी पडण्याचा संभव कमीच.