वैद्यकीय बिले व आरोग्य विमा : कायदेशीर बाजू (राजूर, जि. यवतमाळ)

राजूर हे वणी तालुक्यातले कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. इथे रुग्ण कुठे कामाला आहे आणि त्याचा उपचार सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, यावर त्याच्या बिलाला कोणता नियम लागणार हे ठरते. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने खाणींना ‘कारखान्या’च्या व्याख्येतून वगळले, त्यामुळे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) कायम कामगाराचा उपचार कंपनीच्या स्वतःच्या वैद्यकीय नियमांनी होतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2013 च्या नोव्हेंबरात यवतमाळसह राज्यभर आली आणि 2017 मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्या अंगीकृत रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेणे हा कराराचा भंग ठरतो.

योजनेत न बसणाऱ्या उपचाराला खासगी दवाखाना. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आणि थकबाकीसाठी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई केली. दर किती असावेत, हे मात्र हे नियम सांगत नाहीत. कोविड काळात सरकारने दर बांधून दिले होते, पण इतर आजारांच्या रुग्णांसाठी तसे करण्याचा अधिकार सरकारला नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2020 मध्ये दिला. परिणामी बिल जास्त वाटले तरी रुग्णाच्या हाती मुख्य आधार उरतो तो तपशीलवार बिलाचा आणि पक्क्या पावतीचा. कच्च्या चिठ्ठीवर ना क्लेम मिळतो, ना ग्राहक आयोगापुढे दावा टिकतो.

खरी ओढाताण केसपेपरवर होते. ‘बीपी, पाच वर्षांपासून’ एवढी एक ओळ क्लेम नाकारायला पुरते. मग नातेवाईक ती ओळ बदलून मागतात, किंवा विम्याची चोवीस तासांच्या भरतीची अट भरून निघावी म्हणून दिवसभराची सलाइन दोन दिवसांची भरती दाखवायला सांगतात. ओळखीपाळखीच्या गावात डॉक्टरला नाही म्हणणे जड जाते; तरीही ही कागदपत्रांची बनवेगिरीच आहे आणि तिची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. रुग्णाचे संरक्षण दुसरीकडे आहे: विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी सलग 60 महिने चालली की जुना आजार लपवल्याचे कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. भरती असलेल्या रुग्णाने रुग्णालयाकडे नोंदी मागाव्यात. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात.

क्लेम नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.