देवळालीचा रूळ आणि मोरसची साखर

जुन्या मराठी घरांत गूळ गावचा असे आणि साखर ‘मोरस’ असे. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातल्या या लहानशा बेटावरची पांढरी साखर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात इतकी उतरू लागली की बेटाचे नावच मराठीत साखरेला चिकटले. ही साखर पिकवणाऱ्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी मजूरही होते. करारावर समुद्रापार गेलेल्या या माणसांचा इतिहास नाशिकजवळच्या देवळालीवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. मजुरांच्या एकाच साठ्यावर दोन्हींची भिस्त होती.

मॉरिशसची साखर ब्रिटनच्या बाजारात वेस्ट इंडीजच्या साखरेइतक्याच जकातीवर घेण्याचा निर्णय 1825 मध्ये झाला आणि बेटावर उसाची लागवड झपाट्याने पसरली. राबणारे हात आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे होते. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 मध्ये गुलामगिरी रद्द केली; मॉरिशसमध्ये तो कायदा 1 फेब्रुवारी 1835 रोजी अमलात आला. मळेवाल्यांना सुमारे वीस लाख पौंड भरपाई मिळाली, सुटलेल्या माणसांना काहीच मिळाले नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली त्यांना 1839 पर्यंत जुन्याच धन्याकडे बांधून ठेवण्यात आले. मोकळीक मिळताच त्यांतल्या बहुतेकांनी उसाकडे पाठ फिरवली, यात नवल नाही. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

‘ॲटलास’ हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन 2 नोव्हेंबर 1834 रोजी पोर्ट लुईला लागले. तेथून पुढच्या काही वर्षांत भरती बेबंद वाढली, फसवणुकीचा बोभाटा झाला आणि सरकारने ती थांबवली. 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसची वाट सरकारी देखरेखीखाली पुन्हा उघडण्यात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबईहून गेलेले दहात एकाहूनही कमी होते.

करारपत्र वरवर साधे दिसे. प्रारंभीच्या करारांत मुदत पाच वर्षांची आणि पगार महिना पाच रुपये; शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल-तूप यांचा शिधा आणि थोडे कपडे. खरे बंधन पुढच्या कलमांत होते. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला ‘दुहेरी कपात’ म्हणत. आजारपणही गैरहजेरीत धरले जाई. करार मोडणे हा दिवाणी मामला नव्हता, तो गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंग होता. 1867 च्या कायद्याने तर मुदत संपवलेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास बाळगणे सक्तीचे झाले. तो जवळ नसला की भटक्या ठरवून पकडले जाई. परतीचे मोफत भाडे मधल्या काळातच बंद झाले होते. गुलामाची खरेदी होत असे, या मजुराची सही किंवा अंगठा घेतला जाई. हा फरक खरा आहे आणि तो लहान मानू नये. पण मळ्यावरच्या रोजच्या दिवसात तो फारसा जाणवत नसे.

मुंबईहून गेलेल्यांत कोकणी माणूस, विशेषतः रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी भागातला, ठळक होता. त्याची कारणे जमिनीत आहेत. डोंगरउताराची जांभा जमीन, पावसावरचे एकच भातपीक आणि वर खोताचा वाटा, यांत कुळाचे वर्ष निघत नसे. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर फौजेतली चाकरीही आटली. घरातला एक गडी बाहेर पाठवायचा आणि त्याच्या पैशावर शेतसारा भागवायचा, ही कोकणची रीत त्या काळात पक्की झाली. मुंबई ही त्या गड्याची पहिली पायरी. बंदरावर हमाली शोधत फिरणाऱ्याला भरती करणारा माणूस गाठे, आगाऊ रक्कम हातावर ठेवी आणि मोरसची गोष्ट सांगे. सुरुवातीच्या वर्षांत बायका फार थोड्या गेल्या. पाच वर्षांनी परत येऊ, अशी बहुतेकांची समजूत होती.

याच काळात नाशिकमध्ये उलट दिशेने माणसे येत होती. देवळालीपासून काही कोसांवरचे शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये वसवलेले ख्रिस्ती गाव. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी आणि सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवी. 1860 च्या सुमारापासून त्यांतली बरीच मुले शरणपूरला ठेवली जाऊ लागली. तेथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी 1865 मध्ये आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी येथले नऊ तरुण निवडले. नंतर मोहिमेत सामील झालेला शरणपूरचाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत होता. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या प्रयत्नांनंतर 1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रियर टाउन वसले तेव्हा या ‘बॉम्बे आफ्रिकन’ लोकांपैकी सुमारे दीडशे जण तेथे परतले. म्हणजे गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा गोदावरीकाठी सुतारकी शिकत होता, तेव्हा सुटलेल्या गुलामांची मळ्यावरची रिकामी जागा भरायला मराठी गडी मुंबईच्या धक्क्यावर जहाजात चढत होता. गुलामगिरी मोडण्याच्या एकाच धोरणाची ही दोन टोके होती आणि त्यांतले एक नाशिकात होते.

तिसरी वाट लोखंडाची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सह्याद्री दोन ठिकाणी फोडला: पुण्याकडे बोर घाटात आणि नाशिककडे थळ घाटात. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाटाचा मार्ग 1 जानेवारी 1865 रोजी खुला झाला. बोगदे, पूल आणि कातळातली खोदाई यांसाठी मजूर हजारांनी लागत. एकट्या बोर घाटात ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकीने झोपड्यांचे तळ रिकामे होत, पावसाळ्यात काम थांबे आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा भरती होई. विलायती कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत तळाला टोळी, अशी ही उतरंड होती. पैसा वरून खाली झिरपताना अडे. 1859 च्या जानेवारीत बोर घाटात थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला.

त्यानंतर आलेले कायदे लक्षात घेण्याजोगे आहेत. 1859 चा तेरावा कायदा म्हणे की कामगाराने आगाऊ रक्कम घेऊन काम टाळले तर मॅजिस्ट्रेटने त्याला रक्कम फेडायला किंवा काम पुरे करायला लावावे आणि न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी. हा कायदा 1920 च्या दशकापर्यंत टिकला. 1860 मध्ये रेल्वे आणि तत्सम बांधकामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी आणखी एक कायदा झाला. त्याने मजुरीची दाद मागण्याची सोय केली, पण काम सोडणाऱ्याला शिक्षाही ठेवली. मॉरिशसच्या मळ्यावरचे तत्त्वच येथे मायदेशी लागू होते: उचल घेतली की माणूस बांधला गेला. ‘मुकादम’ आणि ‘उचल’ हे दोन शब्द महाराष्ट्राच्या ऊसतोडीत आजही त्याच अर्थाने चालतात.

लोहमार्ग झाला आणि देवळालीच्या माळाचे नशीब पालटले. मुंबईला जहाजातून उतरलेल्या गोऱ्या पलटणी थंड, कोरड्या हवेत काही दिवस ठेवता येतील आणि तेथून आगगाडीने देशभर पाठवता येतील, म्हणून 1860 च्या दशकात येथे लष्करी तळ उभा राहिला. मुदत संपलेले शिपाईही परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. त्या कंटाळवाण्या मुक्कामातून ‘डूलॅली’ हा वेडसरपणासाठीचा शब्द इंग्रजीत गेला. शिपायाच्या रिकामपणाची आठवण अशी परक्या भाषेने जपली. हा रूळ टाकताना घाटात पटकीने मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही भाषेत उरली नाहीत.

मोरसकडे जाणारा मराठी ओघ आटला तो याच दशकांत. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1856 मध्ये चालू झाली. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला आणि मजुरीचे दर चढले. रेल्वे, गोदी आणि गिरण्या कोकणी गड्याला घराच्या जवळ काम देऊ लागल्या. शिमग्याला आणि गणपतीला गावी जाता येई, हे काही थोडे नव्हते. शिवाय 1866 नंतर मॉरिशसमध्ये हिवतापाने हजारो माणसे दगावली. बिहार आणि तमिळ प्रदेशांतून भरती पुढे कित्येक वर्षे चालली, मुंबईहून ती जवळपास थांबली. कोकणातल्या गरिबीची धाव आता गिरणगावापर्यंत होती.

या मजुरांचा कैवार घेणारा पहिला मोठा आवाज मॉरिशसमध्येच उठला. ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने 1871 मध्ये हजारो जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज सादर केला. 1872 मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालाने पास-पद्धतीचा छळ उघड केला. हिंदुस्थानात करारमजुरीच्या पद्धतीवर निर्णायक घाव घातला तो रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. 1910 मध्ये त्यांच्या ठरावामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी होणारी भरती थांबवण्याचा मार्ग मोकळा झाला. 4 मार्च 1912 रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. गोखले 1915 मध्ये वारले. 1916 मध्ये मदनमोहन मालवीय यांचा तसाच ठराव सरकारला मान्य करावा लागला आणि मार्च 1917 मध्ये कराराची भरती बंद झाली. त्यात महायुद्धासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाचाही भाग होता.

मॉरिशसमध्ये राहिलेल्या मराठी माणसांची वस्ती आज तेथील लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. नोंदवहीत लिहिलेले बापाचे नाव पुढे आडनाव झाले. ‘जी’ने संपणारी अशी आडनावे तेथे मराठी घराची खूण मानली जातात. घरात क्रिओल बोलली जाते, पण गणपतीपुढे ‘झाकरी’ नाचली जाते. ही रत्नागिरीची जाखडी. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जेथे सोळा दगडी पायऱ्या चढून मजूर आत येत, 2006 मध्ये जागतिक वारसा ठरला. नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत: क्रमांक, जहाज, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. आपले मूळ गाव शोधणारी मॉरिशसची मराठी कुटुंबे आजही तेथूनच सुरुवात करतात.