आकड्यांची जात

रोज आपल्या हाताखालून जाणारे सारे आकडे एकाच जातीचे नसतात, हे आम्हां नोकरपेशांच्या क्वचितच लक्षात येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. फाइलीचा क्रमांक हे केवळ नाव. सेवाज्येष्ठता हा क्रम. सेल्सिअस उष्णतामानात अंतरे समान, पण वीस अंश म्हणजे दहाच्या दुप्पट उष्णता नव्हे. वजनात मात्र शून्य खरे, म्हणून दुप्पटही खरी.

ही पायरी चुकली म्हणजे काय होते, ते हिंदुस्थानच्या खानेसुमारीने आधीच दाखविले होते. गणनेपुरती जात हे एक नाव. नोंदावे आणि मोजावे. १९०१ साली आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार उतरंड लावविली. नावाचा क्रम झाला आणि वरच्या स्थानासाठी अर्जांचा पाऊस पडला. १९११ च्या गणनेच्या वेळी एकट्या बंगालात त्या अर्जांचे वजन दीड मण भरले. त्या साऱ्या खटाटोपात खरोखर मोजता आले ते एवढेच!

तक्ता भरताना हे वजन आपण विसरू नये. आकडा मुका असतो; पण त्याच्या पायरीवरून माणसे खालीवर होतात.