बांदा परिसरातील घरगुती मैलापाणी व्यवस्थापन

बांदा (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग) हे तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या सीमेलगत वसलेले बाजारपेठेचे गाव आहे. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे असून येथे भुयारी गटारयोजना नाही. शौचालयातील मैलापाणी आणि न्हाणी-मोरीतील सांडपाणी यांची विल्हेवाट प्रत्येक कुटुंबाला आपल्याच आवारात लावावी लागते. कोकणातील बहुतेक गावांची स्थिती अशीच आहे. त्याच आवारात पुष्कळदा पिण्याच्या पाण्याची विहीरही असते; प्रश्नाचे खरे गांभीर्य या शेजारात आहे.

२०१६ साली केंद्र शासनाच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांच्या गटात सिंधुदुर्गाला पहिला क्रमांक मिळाला. (येथील चढउतार पाहिलेल्या कोणालाही ‘मैदानी’ हे वर्गीकरण गमतीचे वाटेल.) घरात शौचालय आहे का, ते वापरात आहे का, परिसरात केरकचरा किंवा पाणी साचते का, हे त्या वेळी पाहिले गेले. खड्ड्यात उतरलेला मैला पुढे कोठे जातो, हा प्रश्न त्या मोजणीत नव्हता.

जांभा आणि भूजल

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जमिनीखाली सच्छिद्र जांभा दगड आहे. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात आणि वैशाखात तळ गाठतात. भूजलाची पातळी इतकी वरखाली होत असल्याने उन्हाळ्यात कोरडा दिसणारा शोषखड्डा आषाढात भूजलातच बुडालेला असू शकतो.

मैलापाण्यातील रोगजंतू मातीत अडकून नष्ट होतात, परंतु त्यासाठी खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये बारीक मातीचा कोरडा थर असावा लागतो. जांभ्याच्या भेगा व पोकळ्यांतून वाहणारे पाणी असे गाळले जात नाही. भारतीय मानक २४७० नुसार सेप्टिक टाकीचे पाणी जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावी. दाटीच्या वस्तीत हे अंतर राखणे कठीण असते. स्वतःच्या विहिरीपासून अंतर मोजणारा घरमालक शेजाऱ्याची विहीर मोजतोच असे नाही. उतारावरच्या घरांत तर अंतराइतकेच दिशेलाही महत्त्व आहे: विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा असणे सर्वांत घातक.

ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोलच्या पुराचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी टाक्यांतील मैला पुरात मिसळतो आणि तेच पाणी विहिरींत उतरते. पूर ओसरल्यावर विहिरींत टीसीएल पावडर टाकतात. तिने त्या वेळचे जंतू मरतात. मात्र खड्ड्यातून पाझर चालू असेल, तर काही दिवसांत दूषितता परत येते. मैल्यातून उतरणारे नायट्रेट पावडरने किंवा पाणी उकळल्याने जात नाही.

सेप्टिक टाकी आणि दोन खड्डे

बोलीत कोणत्याही खड्ड्याला ‘सेप्टिक टाकी’ म्हटले जाते. वस्तुतः सेप्टिक टाकी बंदिस्त, तळ व भिंती गिलावा केलेली हवी. चिरे नुसते रचून बांधलेला, उघड्या तळाचा खड्डा ही टाकी नव्हे. खऱ्या टाकीतही मैला खाली बसतो एवढेच. बाहेर पडणारे पाणी जंतुयुक्तच असते. ते उघड्या गटारात अथवा व्हाळात सोडणे म्हणजे प्रश्न खालच्या वाडीकडे ढकलणे होय.

पाणी ओतून वापरायच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयास दर वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला किमान दोन वर्षे मिटून ठेवायचा. तेवढ्या काळात त्याचे खत होते व मैला हाताळावा लागत नाही. बांद्यासारख्या ठिकाणी खड्डा उथळ ठेवून, जमिनीच्या वर काही भाग बांधून, भोवती मातीचा भराव घालणे आवश्यक ठरते. हे खर्चाचे असल्याने सहसा टाळले जाते.

मैल्याचे खत करण्याचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईकाम करू देण्याची मागणी केली होती व तिच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पांनी सफाई आणि सोनखत यांचा प्रसार केला. देहू येथील डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचा पुरस्कार केला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

न्हाणी-मोरीचे पाणी

हे पाणी तुलनेने निरुपद्रवी. माडाच्या आळ्यात, केळीच्या किंवा अळवाच्या वाफ्यात ते सोडण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीमुळे प्रसिद्ध झालेले घरोघरचे शोषखड्डे कोरड्या प्रदेशात यशस्वी ठरले. येथे मात्र ते पावसाळ्यात तुंबतात. जागा उंचावर नसेल तर त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

गाळाचा उपसा

टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी, असा संकेत आहे. प्रत्यक्षात ती तुंबल्यावरच आठवते. टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंनी काही क्षणांत मृत्यू येऊ शकतो. पर्याय टँकरचा, परंतु पाणंदीच्या टोकाच्या घरांपर्यंत तो पोहोचत नाही आणि उपसलेला गाळ कोठे रिता करावा, हा प्रश्न उरतोच. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ पासून तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांच्या चक्राने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली व गाळ प्रक्रिया केंद्रात नेला. एकट्या ग्रामपंचायतीला असे केंद्र परवडणारे नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावांच्या समूहासाठी सामाईक केंद्राची, किंवा जवळच्या शहरातील केंद्र वापरण्याची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ च्या अनुदानातील ३० टक्के वाटा स्वच्छतेसाठी राखीव ठेवलेला होता. कोकणात छप्पर नसलेले गाळ वाळवण्याचे वाफे चार महिने निरुपयोगी असतात. त्यामुळे उपशाचे वेळापत्रक ऑक्टोबर ते मे या काळातच बसवावे लागते.