अफूची वाट

माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेले आम्ही मराठी लोक शिंदे-होळकरांच्या मोहिमा अभिमानाने सांगतो; परंतु त्यांच्याच मुलखातून निघालेल्या अफूच्या उंटांची हकीकत सहसा सांगत नाही. सरहद्दीवरचा गुन्हा कसा जन्मतो, हे मात्र तीच हकीकत शिकविते.

बंगालच्या अफूचा मक्ता १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. माळवा तिच्या हाती नव्हता आणि तेथील अफू चीनच्या बाजारात बंगालच्या मालाशी स्पर्धा करू लागली. म्हणून १८०५ च्या सुमारास कंपनीने मुंबई बंदर या मालाला बंद केले. व्यापाऱ्यांनी जवळचेच पोर्तुगिजांचे दमण गाठले. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकर मांडलिक झाले. पुढे कंपनीने संस्थानिकांशी करार करून वाटा अडविल्या, तेव्हा काफिले मारवाडातील पालीकडे वळले. तेथून जेसलमेरचे वाळवंट, तालपूर मीरांच्या सिंधमधील कराची, आणि मग गलबताने पुन्हा दमण! कंपनी ज्याला चोरटा व्यापार म्हणे, त्यावर वाटेतली राज्ये राजरोस जकात घेत.

अखेर १८३०-३१ मध्ये कंपनीने धोरण बदलले. पेटीमागे १७५ रुपये भरा, परवाना घ्या आणि माल खुशाल मुंबईस न्या! कालचा गुन्हा आज महसूल झाला. तरीही सिंधची वाट स्वस्त पडे. म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणावा लागला. १८४३ मध्ये सिंध खालसा होऊन ती वाट बुजली, आणि दर २००, मग १८४५ मध्ये ३०० व १८४७ मध्ये ४०० रुपये झाला.

चीनमध्ये अफूवर १७२९ पासूनच बंदी होती. ती मोडणे कंपनीला गुन्हा वाटले नाही. कलकत्त्यास लिलाव करून ती हात झटकी. पुढचे काम खाजगी व्यापारी करीत. १८३९ मध्ये लिन त्सेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, तेव्हा इंग्रजांनी चीनवर युद्ध लादले.

आजही नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. बोंडाला चीर देऊन खरवडलेला चीक सरकारी तोलकाट्यावर गेला तर त्याचे औषध होते. आडवाटेने गेला तर तुरुंग. आजचा निर्बंध व्यसनापासून माणसाला वाचविण्यासाठी आहे, हे आम्ही मानतो. पण कंपनीचा निर्बंध केवळ तिजोरीसाठी होता, आणि दोन्ही वेळी चीर देणारा हात शेतकऱ्याचाच आहे. त्याचे नाव कोणत्याही तहात आम्हांस आढळत नाही.