प्रियोळकरांच्या वाटेवरची सुरत

शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्यांनंतर सुरत सावरत होती, त्या सुमारास तिथला बडा दलाल भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. ब्राह्मणांकडचे जुने ग्रंथ छापावेत, ही त्याची इच्छा. लंडनच्या संचालकांनी ती मानली. छपाईच्या यंत्राने आपल्या धर्माचाही प्रसार होईल, असे त्यांना वाटले. १६७४ मध्ये हेन्री हिल्स सालिना ५० पौंडांवर मुंबईला आला. छपाई त्याला येत होती, पण देशी अक्षरांचे खिळे पाडणे त्याच्या हातचे नव्हते. भीमजीने मग आपलीच माणसे कामाला लावली. त्यांनी बनिया लिपीत छापलेले कागद वखारीतल्या इंग्रजांनी पाहिले आणि अक्षर सुवाच्य असल्याचे लंडनला कळवले.

या सुरतकराला भारतीय मुद्रणाच्या इतिहासात हक्काची जागा दिली ती अनंत काकबा प्रियोळकरांनी.

गोव्यातल्या प्रियोळचा १८९५ चा जन्म. कर्मभूमी मुंबईचे मराठी संशोधन मंडळ. गोव्यात १५५६ मध्ये जेझुइटांबरोबर मुद्रणयंत्र आले, त्याच्या चौथ्या शताब्दीनिमित्त लिहिलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये निघाला. मिशनऱ्यांच्या छापखान्यांचे श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने दिले. १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, लिहितानाही त्यांनी कच खाल्ली नाही. ही दोन्ही कामे करणारा अभ्यासक विरळाच.

त्यांची दुसरी वाटही सुरतेतूनच जाते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे आत्मचरित्र त्यांनी १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. १८३६ मध्ये मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला गेले. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी तिथे १८१५ मध्येच पोचले होते. गुजराती बायबल त्याच शहरात छापले गेले. एकीकडे पाद्र्यांची टीका, दुसरीकडे घरच्या रूढी. या कोंडीत सुरतेतले शिक्षक दुर्गाराम मेहताजी, दादोबा आणि मंडळींनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. देव एकच आणि जातिभेद खोटा, हे त्यांचे म्हणणे.

मुंबईला परतलेल्या दादोबांनी तेच बीज परमहंस सभेत पेरले. १८४९ ची ही सभा गुप्त होती, कारण सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि बातमी फुटली तर वाळीत पडण्याची धास्ती होती. अशा सभेचे कागद मिळणे सोपे नव्हते. तरी प्रियोळकरांनी माग सोडला नाही. सभा आणि तिचे अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण यांच्यावरचे त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये आले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.